तांड्याचं मानचिन्ह

मानोरा तालुक्यातल्या आमच्या तांड्यात शिरलं की आधी दिसतात ते झेंडे. बंजारा संत सेवालाल महाराजांचा पांढरा, जगदंबेचा लाल. ग्रामपंचायतीची पाटी फार नंतर आली. त्याआधी वाटसरूला हे झेंडेच सांगायचे की इथे गोरमाटी, म्हणजे बंजारे राहतात.

जर्मनीत हे काम ढाल करते. तिथल्या लहानशा खेड्यालाही ढालीच्या आकाराचं मानचिन्ह असतं. माइन्झच्या आर्चबिशपांचं चाक त्यांच्या जुन्या अमलातल्या कित्येक गावांच्या ढालींवर आजही आहे. जमिनीवर सत्ता कुणाची होती, ते त्यावरून कळतं. आमच्या पूर्वजांकडे जमीन नव्हती, लदेणी होती. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून ते मुलूखच्या मुलूख पालथे घालायचे. म्हणून त्यांची चिन्हंही बरोबर नेता येतील अशीच.

नगारा घ्या. धातूच्या खोलगट भांड्यावर ताणलेलं कातडं आणि दोन काठ्या. दमट हवेने कातडं सैलावलं की शेकून घट्ट करायचं. माणसं जमवायला नगारा, मुक्काम हलवायला नगारा, धोका कळवायलाही तोच. याडीच्या म्हणजे आईच्या फेटियावर, तिच्या घागऱ्यावर, आरसे आणि कवड्या टाचलेल्या असत; लदेणीतल्या पुढच्या बैलालाही कवड्या-घुंगरांनी सजवत. बाई आणि बैल एकाच खुणेने मिरवायचे, याचा मला फार अभिमान वाटतो.

झेंड्याचा पांढरा रंग शांतीचा, सत्याचा, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. मला त्यात बाणेदारपणाही दिसतो. रेल्वे आली, लदेणी बसली. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली आणि बंजारेही त्यात भरडले गेले. तो शिक्का कागदोपत्री पुसला गेला 1952 मध्ये. ज्यांना चोर म्हटलं, त्यांनी निशाण मात्र सत्याचं धरलं.

सेवालाल महाराजांची समाधी आमच्याच तालुक्यात, पोहरादेवीला आहे. तिथे 5 ऑक्टोबर 2024 रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. नगारा भवन म्हणतात त्याला. रामनवमीच्या यात्रेला याल तेव्हा ते जरूर बघा. आणि तांड्यातल्या पोरापोरींनो, घरातल्या म्हाताऱ्या बायांजवळ वही घेऊन बसा. फेटियावरच्या टाक्यांची नावं, कवड्यांची जागा, नगाऱ्याचे ठेके, सगळं विचारून लिहून काढा. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.