पन्ह्यातले प्रमाण

बुलढाणा जिल्ह्याचे बोलण्यात नेहमी दोन भाग होतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली. एप्रिलच्या मध्यापासून हा फरक अंगाला कळतो. घाटावर संध्याकाळी थोडा वारा सुटतो; घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन दिवसभर तापते आणि रात्रीही निवत नाही. मे महिन्यात पारा ४२ ते ४५ अंशांच्या घरात असतो.

नेमके याच दिवसांत इथे घरे भरतात. शाळांना सुट्टी, आखाजीला माहेरी आलेल्या लेकी, पुण्या-मुंबईहून मलकापूर स्टेशनवर उतरलेले पाहुणे आणि त्यातच लग्नसराई. स्वयंपाकघरात पुरण शिजते, आमरस निघतो, कुरडया तळल्या जातात. चैत्रातल्या हळदीकुंकवापासून अक्षय तृतीयेपर्यंत आंब्याची डाळ आणि पन्हे असते. आखाजीला घागर भरली जाते, अनेक घरांत चिंचवणी होते. बाजूच्या खानदेशाची आणि वऱ्हाडाची चव इथल्या ताटात एकत्र येते.

या ताटातल्या पेयांकडे आपण सणाचा रिवाज म्हणून पाहतो. प्रत्यक्षात त्यांच्यामागे उष्ण प्रदेशात जगण्याचे चोख शरीरशास्त्र आहे. अलीकडे मात्र ते थोडे बिघडू लागले आहे आणि बिघाड आहे तो प्रमाणात.

शरीर हाही एक माठच

आखाजीला नवी घागर का, याचे एक उत्तर धर्मशास्त्र देईल, दुसरे भौतिकशास्त्र देते. मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते, कोरड्या हवेत त्याची वाफ होते आणि ती वाफ आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी, तितका माठ गार. म्हणूनच मलकापुरात माठातले पाणी जसे गार होते तसे दमट मुंबईत होत नाही. कूलरचेही तेच.

आपले शरीर हाच मार्ग वापरते. त्वचेवरून एक लिटर घामाची वाफ झाली की ती सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. साठ किलो वजनाच्या माणसाचे तापमान एका अंशाने वाढायला जेमतेम ५० किलोकॅलरी पुरतात, हे लक्षात घेतले तर घामाचे मोल कळते. उन्हात कष्टाचे काम करणाऱ्याचा तासाला एक लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो आणि त्या लिटरभर घामाबरोबर साधारण १ ते ४ ग्रॅम मीठही जाते. माठातले पाणी संपले की माठ गार राहत नाही. माणसाचे तसेच होते. फक्त माणसाला पाण्याबरोबर मीठही परत द्यावे लागते.

मीठ आणि साखर यांची जोडी

मीठ आणि साखर एकत्र का, याचे उत्तर विज्ञानाला १९६० मध्ये मिळाले. रॉबर्ट क्रेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवले की लहान आतड्यात ग्लुकोज आणि मिठातले सोडियम हातात हात घालून आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी ओढले जाते. या ज्ञानाचा मोठा कस लागला १९७१ मध्ये. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपू लागल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिले. मृत्यूचे प्रमाण जवळपास ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने या उपायाची गणना शतकातल्या सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांत केली. आज आपण त्यालाच जलसंजीवनी म्हणतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या जलसंजीवनीत एका लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. घरी करायची झाल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. प्रमाणाबाहेर साखर घातली तर ती उलट आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढवते.

आता आजीचे पन्हे आठवा. उकडलेली किंवा निखाऱ्यावर भाजलेली कैरी, गूळ, पाणी, मीठ आणि वेलची. आंबट, गोड आणि खारट एकत्र. कैरीतून थोडे पोटॅशियम मिळते, आंबटपणामुळे तोंडाला पाणी सुटते आणि तहान नसलेलाही पेलाभर पितो. उत्तरेतला आम पन्ना, बिहारचे सातूचे सरबत, कर्नाटकातले पानक, इराणमधले पुदिना घातलेले खारट ताक ‘दूघ’ हे सारे उन्हाच्या प्रदेशांनी आपापल्या स्वयंपाकघरात शोधलेले उपाय आहेत.

पाच जिन्नसांचा प्रवास

पाश्चात्त्य देशांत नाताळच्या मेजवानीत ‘पंच’ नावाचे पेय मोठ्या भांड्यातून वाढतात. हा शब्द आपल्या ‘पंच’ किंवा ‘पाच’वरून गेला असे मानले जाते, कारण त्यात मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला असे पाच जिन्नस असत. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनी ते इथून नेले. इंग्रजीत हा शब्द १६३२ पासून सापडतो. पन्ह्यातही जिन्नस पाचच. फरक मद्याचा आणि मिठाचा.

हा फरक उन्हाळ्यात जिवावर बेततो. मद्य मेंदूतून येणाऱ्या, पाणी राखून ठेवणाऱ्या संप्रेरकाला दाबते. त्यामुळे लघवी जास्त होते आणि शरीर कोरडे पडते. दुपारच्या वरातीत डीजेपुढे नाचताना ‘थंड म्हणून’ घेतलेली बिअर शरीराला थंड करत नाही, पाणी काढून घेते. शिवाय गरगरणे नशेचे की उष्माघाताचे, हे सोबत्यांना कळत नाही आणि मदतीला उशीर होतो.

शेफ आला, मीठ गेले

घरच्या पदार्थाला शेफने हात लावला की त्याला प्रतिष्ठा मिळते, हे चांगलेच आहे. शेजारच्या जळगावात २०१८ मध्ये नागपूरचे शेफ विष्णू मनोहर यांनी सुमारे अडीच हजार किलो वांग्याचे भरीत केले, तेव्हा शेतातल्या काटक्यांवर भाजल्या जाणाऱ्या भरिताची चर्चा राज्यभर झाली. पन्ह्याचेही तसेच झाले आहे. लग्नाच्या मांडवात ते आता ‘कैरी मॉकटेल’ म्हणून उंच ग्लासात येते. घरातली मुले मोबाइलवर शेफचे व्हिडिओ पाहून सोडा, सिरप आणि बर्फ घालून तेच करतात.

हौसेला हरकत नाही. पण या बदलात साखर वाढली आणि मीठ गळाले. बाजारच्या सिरपात मुख्य माल साखरच. घरीही पाहुण्यांसाठी ग्लासात दोन मोठे चमचे गूळ सहज जातो, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम. दोनशे मिलीच्या पेल्यात इतका गूळ म्हणजे कोलापेक्षाही गोड पेय; कोलाच्या १०० मिलीत १० ते ११ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असेल तर अधिक हिताचे. म्हणजे पुरणपोळीला हात लावण्याआधीच दिवसाचा वाटा एका पेल्यात संपला.

गूळ साखरेपेक्षा बरा, हा समज इथे फार उपयोगी पडत नाही. गुळात थोडी खनिजे असतात. पण त्याचा मोठा भाग साखरच असतो आणि रक्तातली साखर तो तशीच वाढवतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे साडेतेरा कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आखाजीच्या पंगतीत यांपैकी कुणीच नाही, असे घर विरळाच.

वाटी-चमच्याचा हिशेब

जुन्या पिढीचा स्वयंपाक अंदाजाने चाले. १९७० मध्ये आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने घरोघरी वाटी-चमच्याचे माप पोचवले आणि नवख्या हातांनाही पदार्थ जमू लागले. पन्ह्यालाही तेच माप लावता येईल.

पाच पेल्यांसाठी: एक मध्यम कैरी उकडून किंवा भाजून तिचा गर, एक लिटर स्वच्छ पाणी, ५० ते ६० ग्रॅम चिरलेला गूळ म्हणजे लहान अर्धी वाटी, अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि वेलची. असा पेला कमी गोड लागतो. जिरे, वेलची आणि पुदिना ती कसर भरून काढतात. एका पेल्यात १० ते १२ ग्रॅम गूळ आणि सुमारे अर्धा ग्रॅम मीठ येते.

हे माप शेतात, बाजारात, रेल्वेच्या प्रवासात घाम गाळणाऱ्यांसाठी आहे. दिवसभर कूलरसमोर बसणाऱ्याला वेगळ्या मिठाची गरज नाही. पापड, लोणचे, कुरडयांतून ते भरपूर जाते. रक्तदाब असलेल्यांनी मीठ चिमटीपुरते ठेवावे. मधुमेहींनी बिनगुळाचे, मीठ-जिऱ्याचे पन्हे किंवा पातळ मठ्ठा घ्यावा आणि आमरस घ्यायचा तर अर्धी वाटी, वरून साखर न घालता, पोळी एक कमी करून. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पोटॅशियममुळे नारळपाणी आणि कैरीची पेये डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. हृदयविकारासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा मात्रा तपासून घ्यावी. गोळी मनाने बंद करू नये. वृद्धांना तहान कमी जाणवते. त्यांनी मागण्याची वाट न पाहता दर तासा-दीड तासाने पेला हातात द्यावा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला यातले काहीच नको, आईचे दूध पुरेसे असते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट हवी. पन्हे हे जुलाब-उलट्यांवरचे औषध नाही. तिथे जलसंजीवनीच हवी आणि पाकिटावरची मात्रा वाचूनच. ‘ओआरएस’ नाव लावून गोड पेये विकली जात असल्याने अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या नावाच्या वापरावर बंदी घातली. तरी खरेदी करताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहावा.

भांडे, पाणी, बर्फ

आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळेत कळकतो, हे आजीला ठाऊक होते. आम्लामुळे तांबे पेयात उतरते आणि मळमळ, उलट्या होतात. तांब्याच्या बाटलीत लिंबूपाणी किंवा पन्हे भरण्याची सध्याची हौस म्हणूनच चुकीची. स्टील, काच किंवा चिनी मातीची बरणी घ्यावी.

कैरी उकडल्याने जंतू मरतात, पण नंतर घातलेले पाणी आणि बर्फ कच्चेच असतात. कावीळ आणि विषमज्वर लग्नसराईत पसरतात ते बहुधा याच वाटेने. अखाद्य बर्फात निळा रंग मिसळण्याचे बंधन राज्यात २०१८ पासून आहे. मांडवातल्या बर्फाचा रंग आणि उगम दोन्ही यजमानाने पाहावेत. माठाचे पाणी पुरेसे गार असते. पेला बुडवण्याऐवजी लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटी वापरावी.

एवढे करूनही कुणाला घेरी आली, डोके दुखू लागले, पायात गोळे आले तर सावलीत आडवे करून मीठ घातलेले पन्हे घोट घोट पाजावे. मात्र माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजल्यासारखे तापले, शुद्ध हरपू लागली तर तोंडात काहीही घालू नये. पेय श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. १०८ ला फोन करावा, कपडे सैल करावेत, अंगावर साधे पाणी ओतून जोरात वारा घालावा. बगलेत, मानेशी आणि जांघेत ओल्या फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवावा. रुग्णवाहिका येईपर्यंतची ही मिनिटे निर्णायक असतात. पाहुण्यांनी भरलेल्या घरात हे काम कोण करील, हे पन्हे करतानाच ठरवून ठेवावे.