झोपेत जागं व्हायचं, पण किती वाजता?

१२ एप्रिल १९७५. सकाळचे आठ वाजत आले होते आणि इंग्लंडमधल्या हल विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत अ‍ॅलन वर्सली झोपला होता. डोळ्यांशेजारी चिकटवलेल्या तारा एका यंत्रात गेल्या होत्या आणि यंत्राची पेनं सरकत्या कागदावर रेघा ओढत होती. एकाएकी डोळ्यांच्या रेघेनं लय धरली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. संशोधक कीथ हर्न आणि वर्सली यांचं झोपण्याआधी हेच ठरलं होतं: स्वप्न पडायला लागलं आणि ‘अरे, हे तर स्वप्न आहे’ असं कळलं, की डोळे मोजून असे फिरवायचे. मेंदूच्या रेघा मात्र सांगत होत्या, गडी अजून झोपेतच आहे. स्वप्नाच्या आतून बाहेर आलेला हा पहिला नोंदलेला निरोप.

निरोपासाठी डोळेच निवडले, त्याला कारण आहे. ज्या झोपेत आपल्याला सर्वांत ठसठशीत स्वप्नं पडतात, तिला रेम झोप म्हणतात. शिकागोत युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ साली तिची नोंद प्रसिद्ध केली. या झोपेत मेंदू हातापायांच्या स्नायूंना जवळजवळ पूर्ण लुळं करून ठेवतो. नाहीतर स्वप्नात धावणारा माणूस खाटेवरून पडला असता. डोळे आणि श्वास तेवढे या बंदोबस्तातून सुटतात. स्वप्नातल्या वर्सलीनं स्वप्नातले डोळे फिरवले आणि अंथरुणातले खरे डोळे तसेच फिरले.

अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीव्हन लाबर्ज यांनी हर्नच्या कामाची कल्पना नसताना हीच युक्ती शोधली आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे संवाद दोन्ही बाजूंनी सुरू झाला. २०२१ साली अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या चार गटांनी ३६ जणांवर प्रयोग करून झोपलेल्या माणसांना प्रश्न विचारले. एकाला विचारलं, ८ वजा ६ किती? त्यानं झोपेतच डोळे दोनदा डावी-उजवीकडे फिरवून उत्तर दिलं. बरोबर उत्तरं सुमारे १८ टक्केच प्रयत्नांत मिळाली, बहुतेक वेळा तर काहीच उत्तर आलं नाही. तरीही झोपलेला माणूस वजाबाकी करून बाहेर कळवतो, हे वाचून मी तरी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

स्वप्नात असताना ते स्वप्न असल्याचं भान येणं, म्हणजे ल्युसिड ड्रीमिंग किंवा सजग स्वप्न, ही गोष्ट जुनीच आहे. अ‍ॅरिस्टॉटलनं तिचा उल्लेख केला आहे, तिबेटी बौद्धांनी तिची साधना केली आणि डच लेखक-वैद्य फ्रेडरिक व्हान एडन यांनी १९१३ साली तिला आजचं इंग्रजी नाव रूढ करून दिलं. अनेक पाहण्या एकत्र करून २०१६ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार निम्म्याहून थोड्या अधिक, सुमारे ५५ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी असं स्वप्न पडलेलं असतं. म्हणजे हा अनुभव कुणा सिद्धपुरुषाची मिरासदारी नाही. प्रश्न असतो तो ठरवून आणण्याचा, आणि तिथे येतात ढीगभर पद्धती. आद्याक्षरांच्या नावांच्या, एकमेकींशी भांडणाऱ्या, प्रत्येकीचे भक्त वेगळे.

पद्धत निवडण्याआधी वर्सलीच्या प्रयोगातलं घड्याळ पाहावं. निरोप मध्यरात्री आला नाही, सकाळी आला, आणि त्यात योगायोगाचा भाग फार थोडा आहे.

रात्रभर झोप सारखी नसते. साधारण नव्वद मिनिटांच्या फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीच्या शेवटाकडे रेम येते. पण रात्रीच्या पहिल्या भागात मेंदू गाढ, स्वप्नांना फारसा थारा न देणारी झोप उरकून घेतो. पहिली रेम जेमतेम काही मिनिटांची असते. पुढच्या लांबत जातात आणि पहाटेची शेवटची अर्ध्या तासाची किंवा त्याहूनही मोठी असू शकते. त्यात शरीराचं आतलं घड्याळही रेमला पहाटेकडेच ढकलतं. पहाटेचं स्वप्न खरं होतं असं आपल्याकडे म्हणतात. खरं होतं की नाही हे ज्याचं त्यानं पाहावं, पण ते लांब आणि रंगीत असतं, आणि लगेच जाग येत असल्यानं लक्षातही राहतं. रात्री बाराला आडवं होऊन पाचची लोकल गाठायला साडेचारला उठणाऱ्या माणसाची रात्र नेमकी इथेच कापली जाते. त्यानं कितीही तंत्रं घोकली तरी ज्या वेळात ती चालायची तो वेळच त्याच्याकडे नाही. त्यानं आधी सुट्टीच्या दिवशी पोटभर झोपावं.

आता ‘माइल्ड’ नावाची पद्धत. ती लाबर्ज यांची, आणि तिचा पाया अगदी घरगुती आहे. बाहेर पडताना आपण मनाशी म्हणतो, येताना कोथिंबीर आणायची. मग तासाभरानं भाजीवाली दिसली की ते आपोआप आठवतं. पुढे करायच्या गोष्टीची ही आठवण स्वप्नात वापरायची. चार-पाच तास झोपून झाल्यावर उठायचं, नुकतंच पडलेलं स्वप्न आठवायचं, त्यात विचित्र काय होतं ते हेरायचं. वारलेले आजोबा चहा करत होते, शाळेचा जिना समुद्रात उतरत होता, असं काहीतरी. मग त्या जागी ‘मला कळलं, हे स्वप्न आहे’ असं स्वतःला पाहायचं आणि ‘पुढच्या स्वप्नात मला हे आठवेल’ असं मनाशी म्हणत पुन्हा झोपायचं. मनी वसे ते स्वप्नी दिसे, ही म्हण कामाला लावण्याचाच हा प्रकार.

ऑस्ट्रेलियातले डेनहोम अ‍ॅस्पी यांनी २०१७ साली हे तपासलं. दिवसा ‘मी स्वप्नात आहे का?’ असं तपासत राहणं, पाच तासांनी उठणं आणि माइल्ड, असं तिन्ही करणाऱ्या गटात आठवडाभरातले १७ टक्के प्रयत्न यशस्वी झाले. पण खरी मौज पुढे आहे. माइल्ड करून पाच मिनिटांच्या आत ज्यांना झोप लागली, त्यांच्यात हेच प्रमाण जवळपास ४६ टक्क्यांवर गेलं. उठल्यावर परत झोप लागायला किती वेळ लागतो, याला मोठं वजन निघालं. नवशिक्यांच्या पुस्तकात हे पहिल्या पानावर छापायला हवं असं मला वाटतं.

म्हणून पद्धत निवडताना स्वतःला एकच प्रश्न आधी विचारावा: पहाटे चारला जाग आली तर माझं काय होतं?

पाणी पिऊन, कूस बदलून तुम्ही लगेच घोरायला लागत असाल, तर माइल्ड तुमच्यासाठीच आहे. फक्त इतकं भरभर झोपू नका की संकल्प अर्धाच राहील. असे लोक गजर लावतात, गजर बंद करतात आणि वाक्य पूर्ण होण्याआधीच गायब होतात. त्यांनी दहा-पंधरा मिनिटं उठून बसावं, मंद दिव्यात वहीत स्वप्न लिहावं, मग आडवं व्हावं. मोबाइलवर लिहू नये. एक मेसेज दिसला की पहाट संपली.

उलट चारला डोळा उघडला की कर्जाचा हप्ता, मुलीची परीक्षा, कालची वादावादी अशी सगळी वरात डोक्यात सुरू होणारे असतात. मी त्यांच्यातलाच. अशांनी गजर लावून झोप मोडणं हा आपल्या हातानं ओढवलेला निद्रानाश आहे. अशा माणसानं मुद्दाम उठूच नये. आपोआप जाग आली, तीही उजाडण्याच्या आसपास, तर संकल्प करावा. नाही आली तर नाही. गजर पुढे ढकलत ‘अजून पाच मिनिटं’ करणाऱ्यांना मात्र एक दिलासा आहे. २०१५ च्या एका ब्रिटिश अभ्यासात गजराचं ते बटण वारंवार दाबणाऱ्यांना सजग स्वप्नंही जास्त पडत असल्याचं दिसलं. बटणामुळेच ती पडतात असं त्यातून सिद्ध होत नाही, पण सकाळची तुकड्यातुकड्यांची झोप सुपीक असते, हे बाकीच्या माहितीशी जुळतं.

ज्यांना हे काहीच जमत नाही ते दिवसाच्या तपासण्यांकडे वळतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ पाउल टोलाय यांनी हा मार्ग मांडला: दिवसातून अनेकदा थांबून मनापासून विचारायचं, मी आत्ता स्वप्नात तर नाही? मग नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहायचा. स्वप्नात तो बंद नाकातूनही आत जातो, कारण अंथरुणातलं नाक मोकळंच असतं. किंवा एखादी पाटी वाचायची, नजर वळवायची आणि पुन्हा वाचायची. स्वप्नात अक्षरं बहुतेकदा जागची हलतात. ही पद्धत झोपेला धक्का लावत नाही, म्हणून हलकी झोप असणाऱ्यांना सुरक्षित. पण अ‍ॅस्पींच्या त्या एका आठवड्यात नुसत्या तपासण्यांनी फारसं काही साधलं नाही. सवय स्वप्नात झिरपायला वेळ लागतो, आणि यंत्रासारखं नाक दाबत राहिलात तर स्वप्नातही यंत्रासारखंच दाबाल आणि पुढे जाल.

सर्वांत बोलबाला असतो तो जागेपणातून थेट स्वप्नात शिरण्याचा. शरीर झोपू द्यायचं, मन जागं ठेवायचं. ऐकायला हे योगनिद्रेच्या जवळचं वाटतं आणि म्हणूनच मोहात पाडतं. पण रात्री अकराला अंथरुणावर पडून हे करणाऱ्याला पुढचा तास-दीड तास स्वप्नांची झोप भेटणारच नाही, समोर गाढ झोपेची भिंत असते. हे जमलंच तर पहाटे, किंवा सकाळी उठून तासाभरानं घेतलेल्या डुलकीत, जिथे रेम लवकर येते. जेवणानंतरची वामकुक्षी इतर कशासाठीही उत्तम, यासाठी नाही. दुपारच्या झोपेत गाढ झोपेचा वाटा वाढतो. शिवाय या वाटेवर शरीर लुळं झाल्याची जाणीव जागेपणी होऊ शकते. छातीवर कुणी बसलंय, हलता येत नाही, खोलीत कुणीतरी आहे. घरातल्या थोरांनी याची भुताखेतांची गोष्ट सांगितलेली असेलच. तो रेमचाच बंदोबस्त असतो, वेळ चुकवून जागेपणी टिकलेला, आणि थोड्या वेळात सुटतो. पण ज्यांना हे आधीच होतं आणि त्याची धास्ती आहे, त्यांनी ही वाट धरू नये.

रात्रपाळीवाल्यांचं गणित निराळं. सकाळी सातला घरी येऊन झोपणाऱ्या परिचारिकेला किंवा अमेरिकेच्या वेळेनुसार काम करणाऱ्या पुण्यातल्या मुलाला रेम झोपेच्या सुरुवातीलाच भेटू शकते, कारण आतलं घड्याळ तेव्हाच तिला बोलावत असतं. ‘पाच तासांनी उठा’ हा सल्ला त्यांच्यासाठी लिहिलेलाच नाही. त्यांनी झोपतानाच संकल्प करून पाहावा आणि तुटपुंज्या झोपेचा आणखी तुकडा पाडू नये.

गॅलँटामीन या औषधाचं नाव हल्ली फार ऐकू येतं. २०१८ च्या अभ्यासात १२१ जणांपैकी खोटी गोळी घेतलेल्या रात्री १४ टक्क्यांना आणि ८ मिलिग्रॅम खरी घेतलेल्या रात्री ४२ टक्क्यांना सजग स्वप्न पडलं. आकडा थोर आहे, पण हे अल्झायमरच्या रुग्णांचं औषध आहे, स्वप्नाच्या हौसेसाठी दुकानातून आणायची गोळी नव्हे. ज्यांना मनोविकाराचा त्रास आहे, विशेषतः खरं आणि भास यांतली सीमा डळमळते, त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच करू नये.

आणि ज्यांना स्वप्नंच आठवत नाहीत त्यांनी पद्धतीच्या वादात पडू नये. उशाशी वही ठेवावी, जाग आल्यावर न हलता आधी आठवावं आणि मग दोन शब्द तरी लिहावेत. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच अभ्यासक हर्वे द सँ-देनी किशोरवयापासून स्वप्नांच्या वह्या लिहीत आणि त्या लिहिता लिहिताच त्यांना स्वप्नात भान येऊ लागलं.

भान आल्यावर पहिला शत्रू आनंद. ‘जमलं!’ म्हणताक्षणी स्वप्न फाटतं आणि छत दिसतं. तळहात एकमेकांवर चोळा, किंवा लाबर्ज सांगतात तसं जागच्या जागी गिरकी घ्या, म्हणजे मेंदूला स्वप्नातल्याच शरीराचं काम मिळतं आणि दृश्य टिकतं. छत दिसलंच तर त्यावरही लगेच विश्वास ठेवू नका. जागं झाल्याचं स्वप्न पडणं हा इथला नेहमीचा चकवा आहे. तुम्ही उठता, दिवा लावता, वही उघडून अख्खं स्वप्न लिहून काढता, आणि हे सगळं अंथरुणात डोळे मिटूनच. तेव्हा वहीतली शेवटची ओळ वाचा, मान वळवा आणि ती पुन्हा एकदा वाचून पाहा.