इंटरमीजिएटची तयारी आणि पितळेचा तांब्या

एलिमेंटरी-इंटरमीजिएट म्हटलं की घरच्यांना आठवतात ते दहावीचे वाढीव गुण. महाराष्ट्राच्या कला संचालनालयाच्या या परीक्षांच्या निमित्ताने वर्गात जे काही केलं, त्यातलं मला सगळ्यात आवडलं ते स्थिरचित्र.

समोर तांब्या, दोन कांदे, मागे निळं कापड. पितळ पिवळ्या रंगाने होतं असं वाटतं ना? नीट बघा: त्यात कापडाचा निळा उतरलेला असतो, बुडाशी कांद्याचा तांबूस. उजेडाचा ठिपका पांढऱ्या रंगाने द्यायचा नाही. जलरंगात तिथे कागद कोराच सोडायचा, म्हणजे तो आधीच ठरवावा लागतो. सावलीला काळा लावला की चित्र मळकट होतं. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना मिसळा, जिवंत राखाडी मिळतो. पहिला वॉश वाळेपर्यंत मात्र हात आवरा!

संकल्पचित्र पोस्टर कलरने, सपाट आणि एकसारखं; तिथे पाण्याचं प्रमाण बिघडलं की पट्टे दिसतात. घनभूमिती? तिच्याबद्दल न बोललेलंच बरं.

तयारी करणाऱ्यांनो, स्मरणचित्रासाठी आतापासून बसस्टॉपवरच्या माणसांची झटपट स्केचेस काढा. पाठ केलेली माणसं लगेच ओळखू येतात.