मिटलेले फुप्फुस, रिते हृदय

फेब्रुवारी २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचा आरंभीचा तडाखा अमरावती आणि अकोल्याला बसला आणि ‘व्हेंटिलेटर’ हा शब्द वऱ्हाडातील घराघरांत पोहोचला. परंतु या यंत्राच्या दाबाची झळ छातीच्या त्याच पोकळीतील हृदयालाही बसते, हे फारसे सांगितले गेले नाही.

गंभीर न्यूमोनियात वायुकोश, म्हणजे रक्तात प्राणवायू मिसळणाऱ्या सूक्ष्म पिशव्या, पाण्याने भरतात किंवा दबून मिटतात. त्या उघडण्यासाठी काही वेळा यंत्राचा दाब ३० ते ४० सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका वाढवून अर्धा मिनिट धरला जातो; या उपायाला ‘रिक्रूटमेंट’ म्हणतात. नैसर्गिक श्वास घेताना छातीतील दाब उतरतो आणि शिरांतील रक्त हृदयाकडे ओढले जाते, येथे मात्र दाब चढल्यामुळे ते मागेच अडते. शिवाय ताणलेल्या वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्या चेपल्या गेल्याने हृदयाचा उजवा कप्पा फुगतो, मधला पडदा डावीकडे सरकतो आणि आधीच कमी भरलेल्या डाव्या कप्प्याची जागाही आक्रसते.

हा आघात किती खोल जाईल, हे रक्ताच्या आकारमानावर ठरते. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, डुकरांवरील प्रयोगांत हृदयातून बाहेर पडणारे रक्त सर्वाधिक घटले ते शरीरात रक्त कमी असताना. वऱ्हाडात ही बाब विशेष जपली पाहिजे, कारण अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो (मे २०२४ मध्ये तर तेथे उष्णतेमुळे जमावबंदी लागू झाली होती), आणि घामाने वा जुलाबाने शुष्क झालेल्या रुग्णाचा रक्तदाब रक्तवाहिन्या आकुंचन पावल्यामुळे काही काळ ठीकच दिसतो; यंत्राचा दाब वाढताच तो कोसळू शकतो.

म्हणून सलाईन भरपूर द्यावे, असेही नाही. रक्ताचे आकारमान वाढल्यास हृदय तग धरते खरे, पण रोगाने पाझरू लागलेल्या केशवाहिन्यांतून तेच पाणी फुप्फुसात उतरते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,०१० रुग्णांच्या बहुराष्ट्रीय चाचणीत तर तीव्र दाबाचे रिक्रूटमेंट आणि त्यानंतरही दाब चढा ठेवणे, अशी पद्धत वापरलेल्या गटात मृत्यू अधिक झाले. त्यामुळे हा उपाय आता सरसकट केला जात नाही. तो करायचाच झाला, तर इकोने, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीने, हृदयाचे भरणे आधी पाहता येते, किंवा रुग्णाचे धड आडवे करून पाय ४५ अंशांत उचलता येतात. त्याने सुमारे ३०० मिलिलिटर रक्त हृदयाकडे सरकते, हृदयाचा झोत वाढल्यास सलाईनचा उपयोग होईल असा अंदाज बांधता येतो, आणि पाय खाली आणताच ते रक्त परत जाते.