फणसाडच्या रानांत एक मुक्काम

भाताची झोडणी आटोपून पेंढा रचला म्हणजे शेतकर्‍यास थोडा विसावा मिळतो. त्यांतील एक रात्र रानांतील पाण्याच्या सान्निध्यांत काढावी, अशी वाचकांस आमची सूचना आहे.

मुरूड, रोहा व अलिबाग या तालुक्यांत पसरलेलें फणसाडचें अरण्य पूर्वीं जंजिर्‍याच्या नबाबांचें शिकारीचें राखीव रान होतें. संस्थान १९४८ सालीं विलीन झालें, आणि १९८६ सालीं हें रान अभयारण्य म्हणून जाहीर झालें. ऐन, किंजळ, जांभूळ व अंजनी यांची येथें दाटी असून गारंबीच्या अजस्र वेली झाडांवरून झाडांवर गेलेल्या दिसतात. शेकरू, सांबर, भेकर व बिबट्या यांचा येथें वास आहे. येथील पाणवठ्यांस लोक ‘गाण’ म्हणतात. सुपेगांवाहून आंत जाण्याची वाट असून तेथें वनखात्यानें तंबूंत राहण्याची सोय केलेली आहे.

यांत शेतकर्‍यास काय लाभ, असें कोणी विचारील. रानांतील पालापाचोळा पावसाचा मार झेलतो, पाणी सावकाश जमिनींत मुरतें, आणि तेंच पुढें खालच्या विहिरींस व नारळी-पोफळीच्या वाड्यांस पोंचतें. उघड्या टेकडीवरील पाणी मात्र माती घेऊन तत्काळ खाडीस मिळतें. हा भेद मुलांस पुस्तकांत शिकविण्यापेक्षां गाणीच्या कांठीं नेऊन दाखवावा.

दुसरा लाभ कमाईचा. सरकारनें २०२० सालीं कृषि पर्यटनाचें धोरण ठरवून अशा व्यवसायास नोंदणीची रीत घालून दिली आहे. रानालगतच्या खातेदारानें आपल्या वरकस जमिनींत चार तंबू उभारले, तर पाहुण्यांस घरच्या तांदळाची भाकरी विकतां येईल.

परंतु एक गोष्ट विसरूं नये. चैत्र-वैशाखांत बहुतेक ओढे आटतात व थोड्याच गाणींत पाणी उरतें. सांज-सकाळीं जनावरें तेथें येतात. माणसांनीं पाण्यालगत तळ ठोकून गलका केला, तर तीं तहानलेलींच परततात, आणि मग पाण्याच्या शोधांत आपल्याच वाड्यांत शिरतात. म्हणून तंबू पाण्यापासून दूर असावा, गाणें-बजावणें नसावें, कचरा परत न्यावा. वाळलेल्या पाचोळ्यांत एक ठिणगीहि पुरते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें अभयारण्यास धोका होईल असा विस्तव पेटविण्यास मनाई आहे.

एवढें पथ्य पाळण्याची ज्याची तयारी असेल, त्यानें वनखात्याची परवानगी काढून सहकुटुंब अवश्य जावें.