अकोला शहर
महाराष्ट्रातील अकोला जिल्ह्याचे मुख्य ठिकाण व वऱ्हाडातील कापसाची जुनी पेठ. लोकसंख्या ४,२५,८१७ (२०११). हे मुंबई–नागपूर लोहमार्गावर, पूर्णेस मिळणाऱ्या मोर्णा नदीकाठी वसले आहे. पश्चिम तीरावर जुने शहर व असदगड, तर पूर्व तीरावर ताजनापेठ आहे. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्यावरून किल्ल्यास नाव पडले. येथे २००१ पासून महानगरपालिका आहे.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडमधील गिरण्यांना वऱ्हाडी कापसाची निकड भासली. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचल्यावर येथे सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने वाढले. सावतराम कापड गिरणी पुढे बंद पडली. डाळ व तेल गिरण्या मात्र टिकून आहेत. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ (स्था. १९६९) येथेच आहे.

पाणी हा शहरापुढील मुख्य प्रश्न होय. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल खारट असल्याने शहराची भिस्त महान येथील काटेपूर्णा जलाशयावर आहे. अवर्षणात त्याचा साठा घटताच नळांचे पाणी अनेक दिवसांच्या अंतराने सोडावे लागते. घराशेजारून वाहणारी मोर्णा सांडपाण्याने दूषित झाली असून तिच्या सफाईसाठी २०१८ मध्ये लोकसहभागातून मोहीम हाती घेण्यात आली.