रेल्वेने एका दिवसात परदेश! जयनगर ते जनकपूर प्रवासाला आधार कार्ड पुरत नाही, आधी हे वाचा

परदेशात जायचं म्हटलं की आपल्याला आधी विमान दिसतं, मग पासपोर्ट, मग व्हिसा आणि शेवटी बँकेतलं कर्ज. पण एक परदेशी शहर असं आहे की तिथे सकाळी रेल्वेने जायचं, देवदर्शन करायचं, जेवायचं आणि संध्याकाळी परत भारतात मुक्कामाला यायचं. व्हिसा लागत नाही. साधं तिकीट आपल्या तालुक्याच्या एसटीपेक्षा महाग नाही. ते शहर म्हणजे नेपाळमधलं जनकपूर, सीतामाईचं माहेर.

मागच्या वर्षी आमच्या गावातून पंधरा जणांचा गट काशी आणि जनकपूर करून आला. मीही होतो. पंधरापैकी चौदा जणांनी जनकपूर पाहिलं, एक जण सीमेवरून मागे राहिला. त्याचं कारण फार छोटं होतं. तसं आणखी कोणाचं होऊ नये म्हणून सगळी माहिती एका जागी देतोय.

जायचं कसं?

बिहारच्या मधुबनी जिल्ह्यात जयनगर नावाचं गाव आहे. भारतीय रेल्वेची लाइन तिथे संपते आणि पुढे नेपाळ लागतो. मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सुटणारी पवन एक्सप्रेस कल्याण, नाशिक रोड, भुसावळ, वाराणसी, दरभंगा करत थेट जयनगरला जाते. साधारण दीड दिवसाचा प्रवास आहे. आपल्याकडे कामाला येणारी मधुबनी, दरभंग्याकडची बरीच मंडळी याच गाडीने ये-जा करतात. त्यामुळे डब्यात माहिती सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच.

जयनगरला पोहोचलात की त्या रात्री तिथेच मुक्काम करा. दीड दिवस गाडीत बसून लगेच पुढे पळायचं म्हटलं तर म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात, आणि दुपारनंतर जनकपूरला गेलं तर हातात वेळ राहत नाही. सकाळच्या पहिल्या गाडीने जाणं सगळ्यात चांगलं.

भारतीय स्थानकाला लागूनच नेपाळ रेल्वेचं वेगळं स्थानक आहे. तिकीट तिथल्याच खिडकीवर मिळतं. आपण मोबाईलवर जिथून रेल्वेचं तिकीट काढतो तिथे हे मिळत नाही. जनकपूरचं अंतर तीस किलोमीटरच्या आत आहे आणि गाडीला साधारण तास लागतो. मध्ये इनर्वा हे नेपाळच्या हद्दीतलं पहिलं स्थानक, मग खजुरी, महिनाथपूर, वैदेही, परबाहा आणि पुढे जनकपूर. दोन्ही बाजूला भातखाचरं, तळी, आंब्याच्या बागा. सीमा कधी ओलांडली ते कळतसुद्धा नाही.

२०२२ मध्ये गाडी सुरू झाली तेव्हा जयनगर ते कुर्था या पूर्ण टप्प्याचं साधं तिकीट ५६ रुपये २५ पैसे होतं. पंचवीस पैसे आले कुठून, असं कोणालाही वाटेल. मूळ भाडं ९० नेपाळी रुपये, त्याचा आपल्या पैशात केलेला हिशोब. दर बदलत असतात, म्हणून आजचा दर खिडकीवरच विचारा.

गाडी आपल्या कोकण रेल्वेकडून गेलेली

ही लाइन जुनी आहे. १९३७ मध्ये राणा राजवटीत इथे छोटी गाडी सुरू झाली. जंगलातलं लाकूड वाहून आणणं हा तिचा मोठा उद्देश होता. पुढे ती माणसांची गाडी झाली. २०१४ मध्ये रूळ मोठे करण्यासाठी ती बंद केली. भारताच्या मदतीने नवी लाइन झाली आणि २ एप्रिल २०२२ रोजी दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी हिरवा झेंडा दाखवला.

यात आपला संबंध असा, की नेपाळने या मार्गासाठी घेतलेल्या दोन डेमू गाड्या कोकण रेल्वेने पुरवल्या. तेच आपलं महामंडळ, ज्याचं मुख्यालय नवी मुंबईत बेलापूरला आहे. डबे चेन्नईच्या कारखान्यात तयार झाले आणि सप्टेंबर २०२० मध्ये नेपाळच्या ताब्यात गेले. म्हणजे ज्या गाडीत बसून आपण परदेशात जातो, ती आपल्याच ओळखीच्या घरातली.

व्हिसा नको, पण कागद हवा

आता मुख्य गोष्ट. भारत आणि नेपाळमध्ये १९५० साली मैत्रीचा करार झाला. त्यामुळे आपल्याला नेपाळचा व्हिसा लागत नाही. पण 'व्हिसा लागत नाही' याचा अर्थ गावोगाव 'काहीच लागत नाही' असा घेतला जातो. आमच्या गटानेही तोच घेतला.

या रेल्वेसाठी भारतीय माणसाकडे पुढीलपैकी एक मूळ कागद हवा :

१. पासपोर्ट, किंवा
२. निवडणूक आयोगाचं मतदान कार्ड, किंवा
३. केंद्र किंवा राज्य सरकारी कर्मचारी असेल तर सरकारने दिलेलं फोटोचं ओळखपत्र.

ज्यांचं वय ६५ च्या पुढे किंवा १५ च्या आत आहे, त्यांना सवलत आहे. वय आणि ओळख पटेल असं फोटोचं दुसरं ओळखपत्र त्यांना चालतं. एका कुटुंबातली माणसं असतील आणि एका मोठ्या माणसाकडे वरचा कागद असेल, तर बाकीच्यांना स्वतःचं फोटोचं ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा दाखवता येतो. त्यासाठी रेशन कार्ड सोबत असलेलं बरं. पण १५ ते ६५ वयाचा माणूस एकटा असेल तर नुसत्या आधार कार्डावर जाता येत नाही.

आपलं सगळं आयुष्य आता आधारवर चालतं. बँक, रेशन, पीकविमा, दवाखाना, सगळीकडे तेच. मतदान कार्ड मात्र पाच वर्षांतून एकदा पेटीतून बाहेर निघतं. आमच्या गटातल्या आप्पांचं तसंच झालं. वय ६१, घरचे कोणी सोबत नाही, खिशात फक्त आधार. जयनगरला तपासणीत अडले. ६५ ला चार वर्षं कमी पडली. कार्ड घरी ट्रंकेत होतं. मुलाने फोनवर त्याचा फोटो पाठवला, पण मूळ कार्ड हवं असं सांगितलं. तपासणाऱ्याची काही चूक नव्हती, त्याला नियम होता.

बाहेर एक रिक्षावाला म्हणाला, "सडक से चले जाओ बाबा, कोई नहीं पूछता." आम्हालाही क्षणभर वाटलं, काय हरकत आहे? आप्पाच म्हणाले, "नको रे बाबा. तिकडं काही झालं, दुखलं-खुपलं, तर मी कोण हे कोणाला सांगायचं?" ते दिवसभर जयनगरच्या बाकावर बसून राहिले. आम्ही गेलो. त्या दिवसाचा आनंद आमचाही अर्धाच राहिला.

म्हणून सांगतो, कोणी कितीही सांगितलं तरी कागदाशिवाय पलीकडे जाऊ नका. रस्त्याने कदाचित कोणी अडवणार नाही, पण अपघात झाला किंवा पोलिसांनी विचारलं तर आपण परदेशात असतो.

शंभराच्या नोटा आणि 'आयसी-एनसी'

भारतीय १०० रुपये म्हणजे नेपाळी १६० रुपये. हा दर १९९३ पासून ठरलेलाच आहे, रोज बदलत नाही. जनकपूरच्या बाजारात आपले पैसे सर्रास घेतात. पण भाव ऐकला की आधी एक प्रश्न विचारायचा, "आयसी की एनसी?" आयसी म्हणजे भारतीय पैसे, एनसी म्हणजे नेपाळी. रिक्षावाला १६० म्हणाला आणि तुम्ही आपले १६० दिले, तर साठ रुपये जास्त गेले. भांडण करूनही उपयोग नाही, कारण तो खोटं बोललेला नसतो.

नोटा शंभराच्या आणि त्याखालच्या ठेवा. २०१८ च्या शेवटी नेपाळने शंभरापेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. पुढे या नियमात बदल होत गेले, पण शंभराच्या नोटेला कधीच अडचण आलेली नाही. प्रत्येकाने दिवसापुरत्या सुट्या नोटा स्वतःच्या खिशात ठेवाव्यात. सगळ्यांचे पैसे एकाच माणसाकडे नकोत.

पंधरा मिनिटांचा घोळ

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे आहे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण गाडी चुकते ती यामुळेच. समजा जनकपूरच्या स्थानकावर परतीच्या गाडीची वेळ चारची लिहिली आहे. ती नेपाळी वेळ. आपल्या घड्याळात तेव्हा पावणेचार झालेले असतात. तुम्ही आपल्या घड्याळात चार वाजता पोहोचलात, तर तिथे सव्वाचार झालेले असतात आणि गाडी गेलेली असते.

मोबाईलला तिकडचं नेटवर्क मिळालं नाही तर तो भारतीय वेळच दाखवत राहतो. म्हणून जनकपूरला उतरलं की पहिलं काम, परतीच्या गाडीची वेळ खिडकीवर विचारून कागदावर लिहून घ्यायची आणि स्थानकाच्या घड्याळाशी आपलं घड्याळ लावायचं. दिवसात मोजक्याच फेऱ्या असतात आणि वेळापत्रक बदलत असतं. शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नका, तिच्या आधीची धरा.

मोबाईल बंद पडतो

आंतरराष्ट्रीय रोमिंग नसेल तर आपलं सिम तिकडे चालत नाही. २०२४ पासून नेपाळमधल्या 'फोनपे' नावाच्या यंत्रणेच्या क्यूआर कोडवर भारतीय यूपीआयने पैसे देता येतात. ही आपली फोनपे नव्हे, नाव सारखं आहे पण कंपनी वेगळी. मात्र त्यालाही इंटरनेट लागतंच. त्यामुळे खिशात रोख हवीच.

फोन लागत नाही म्हटल्यावर हरवलेला माणूस सापडणं अवघड. आम्ही ठरवलं होतं, चुकामूक झाली तर जानकी मंदिराच्या मोठ्या दरवाजात यायचं. दोनदा उपयोग झाला.

दिवसभरात काय बघून होतं?

स्थानकावरून ई-रिक्षाने थोड्याच वेळात जानकी मंदिर येतं. पांढरंशुभ्र, राजवाड्यासारखं. मध्य भारतातल्या टीकमगडच्या राणी वृषभानु कुंवर यांनी ते बांधलं, १९१० च्या सुमारास पूर्ण झालं. नऊ लाख रुपये खर्च झाला म्हणून लोक त्याला 'नौलखा मंदिर' म्हणतात. शेजारीच विवाह मंडप आहे, राम-सीतेचं लग्न लागलं ती जागा म्हणून लोक तिथे हात जोडतात. जवळच राम मंदिर, धनुषसागर आणि गंगासागर ही तळी. एवढं पायी आरामात होतं. मार्गशीर्षातल्या विवाहपंचमीला इथे मोठी गर्दी असते, त्या दिवसांत एका दिवसात परत येण्याचा हट्ट धरू नका.

भाषेची अडचण नाही. इकडे मधुबनीत मैथिली, तिकडेही मैथिली आणि हिंदी सगळ्यांना कळते. सोयरीक तर दोन्हीकडे आहेच. पण दुकानाच्या पावतीवर साल बघितलं की चमकायला होतं, कारण तिकडे सरकारी कामकाज विक्रम संवताने चालतं. साल आपल्यापेक्षा ५६-५७ वर्षं पुढे. शिवाय आठवड्याची सुट्टी शनिवारी असते.

परतताना सामानाची तपासणी होते. अनोळखी माणसाने दिलेली पिशवी 'जयनगरला एकाला द्या' म्हणून हातात घेऊ नका. दोन्हीकडच्या निवडणुकीच्या वेळी सीमा बंद ठेवतात, तेही निघण्याआधी बघून घ्या.

निघण्याआधी घरीच तपासा

• प्रत्येकाचं मूळ मतदान कार्ड किंवा पासपोर्ट, झेरॉक्स वेगळी.
• कार्डावरचं नाव आणि फोटो नीट वाचता येतो का?
• १५ च्या आतल्या आणि ६५ च्या पुढच्यांचं वयाचं ओळखपत्र, कुटुंब असेल तर रेशन कार्ड.
• शंभर, पन्नास, वीसच्या नोटा.
• रोजची औषधं आणि डॉक्टरची चिठ्ठी.
• गटप्रमुखाने गावातून निघायच्या आधीच सगळ्यांची कार्डं डोळ्याने बघावीत. "हाय की घरी" या उत्तरावर पुढे जाऊ नये.

शेवटचा मुद्दा आमच्या चुकीतून आलेला आहे. आम्ही तिकिटं तीन-तीनदा मोजली होती, कार्डं एकदाही बघितली नव्हती.

संध्याकाळी परत जयनगरला उतरलो तेव्हा आप्पा त्याच बाकावर होते. त्यांच्या हातात प्रसाद दिला. कपाळाला लावून म्हणाले, "पुढच्या वर्षी गाडी निघाली की मला आधी सांगा." ट्रंकेतलं मतदान कार्ड आता त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतं. दूध घालायला डेअरीवर गेले तरी.